क्रियात्मक गट पाठ झाला, पण तो बसलाय कुठे?

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन. 'समघटकांचे (म्हणजे रेणुसूत्र एकच, पण अणूंची जोडणी वेगळी असलेल्या संयुगांचे) रासायनिक गुणधर्म वेगळे असतात' हे माझं वाक्य चूक आहे. गुणधर्म क्रियात्मक गटावरून (रेणूची रासायनिक वागणूक ठरवणाऱ्या अणूंच्या गटावरून) ठरतात, म्हणून मुलांकडून गट पक्के करून घ्यावेत, समघटकांची चित्रं काढत बसण्यात वेळ जातो. आणि चार कार्बनांचे ईथर (ज्यांत ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधे असतो) तीन नाहीत, चार आहेत.

पहिला आक्षेप शंभर टक्के मान्य. ब्युटेन आणि आयसोब्युटेन दोन्ही अल्केनच (फक्त कार्बन-हायड्रोजनची, एकेरी बंधांची संयुगं), दोघांची रासायनिक वागणूक बरीचशी सारखी. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर होते. दोघांत दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन, पण पहिला ७८ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव आणि दुसरा उणे २४ अंशांनाच उकळून वायू झालेला. इथेनॉलमध्ये सोडियमचा तुकडा टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे येतात, ईथरवर सोडियमचा काही परिणाम होत नाही. इथे गटच बदलला आहे. हे एक उदाहरण मी सरसकट सगळ्या समघटकांना लावलं. वाक्य दुरुस्त केलं आहे, मनापासून आभार.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी अजिबात सहमत नाही. तीन परीक्षानळ्या घ्या. एकीत ब्युटेन-१-ऑल, दुसरीत ब्युटेन-२-ऑल, तिसरीत टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल. तिघांचं रेणुसूत्र एक, गटही एकच, हायड्रॉक्सिल (OH). आता तिन्हींत लुकास अभिकर्मक घाला, म्हणजे संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवलेलं निर्जल झिंक क्लोराइड. तिसरी नळी बघता बघता दुधाळ होते. दुसरी गढूळ व्हायला काही मिनिटं घेते. पहिली खोलीच्या तापमानाला तशीच नितळ राहते. गढूळपणा येतो तो तयार झालेल्या, पण त्या द्रावणात न विरघळणाऱ्या क्लोराइडमुळे. गट पाठ असलेल्या मुलाला हे कसं उलगडणार? त्यासाठी हायड्रॉक्सिल ज्या कार्बनवर आहे त्याला आणखी किती कार्बन चिकटलेत ते मोजावं लागतं. गट निघून गेला की त्या कार्बनवर धनप्रभार येतो, आणि शेजारी तीन कार्बन असतील तर त्यांच्या आधाराने तो प्रभार निभावतो. टोकाच्या कार्बनला शेजारी एकच.

ऑक्सिडीकरणातही तेच. प्रोपेन-१-ऑलपासून आधी अल्डिहाइड आणि पुढे आम्ल मिळतं, प्रोपेन-२-ऑल मात्र ॲसिटोनवर थांबतं. आणि जिथे गटच नाही तिथलं काय? सरळ साखळीचा पेंटेन ३६ अंशांना उकळतो, त्याचाच समघटक निओपेंटेन साडेनऊला. गोळ्यासारखे रेणू एकमेकांना फारसे चिकटून बसू शकत नाहीत.

म्हणून चित्रं काढायला लावतो. कोण कोणाला जोडलं आहे हे हाताने काढल्याशिवाय नजरेत बसत नाही, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

आता ईथर. मी दिलेले तीन: मिथाइल प्रोपिल, मिथाइल आयसोप्रोपिल आणि डायइथाइल. तुमचा चौथा 'प्रोपिल मिथाइल ईथर'. तुमच्या आकृतीत ऑक्सिजनवर बोट ठेवा. एका बाजूला एक कार्बन, दुसऱ्या बाजूला सरळ रांगेत तीन. आता माझी पहिली आकृती बघा, तिथेही तेच आहे, फक्त डावं-उजवं बदललंय. कागद अर्धा फिरवला की दोन्ही एकमेकांवर तंतोतंत बसतील. पेंटेनची साखळी कोपऱ्यात वाकवून काढली की मुलंही तिला नवा समघटक समजतात. तेव्हा मी त्यांना साखळीच्या एका टोकापासून बोट न उचलता दुसऱ्या टोकापर्यंत जायला सांगतो. वाटेत पाचही कार्बन लागले, तर तो आधीचाच पेंटेन.