दारासमोर बुडालेला दारूगोळा सांभाळण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

वाचकहो, आपल्या किनाऱ्यासमोर दारूगोळ्याने भरलेले एखादे जहाज बुडून पडले असेल, तर सर्वप्रथम घाबरू नये. घाबरलेला मनुष्य काहीतरी करावयास धावतो, आणि या विषयात काहीतरी करणे हेच सर्वांत घातक असते. वाशीच्या सागर विहारावर संध्याकाळी भाजलेले कणीस खात बसणाऱ्या आपल्यासारख्यांना या कामाचा सराव नाही हे खरे. पण थेम्स नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या शिअरनेस या इंग्लंडमधील गावाने ही विद्या १९४४ पासून हस्तगत केली आहे, आणि तिचा धडा गिरवायला पारपत्रही लागत नाही.

आरंभ योग्य जागेच्या निवडीने करावा. ‘रिचर्ड मॉन्टगोमेरी’ हे अमेरिकी मालवाहू जहाज हजारो टन दारूगोळा घेऊन ऑगस्ट १९४४ मध्ये तिथे आले, तेव्हा बंदराच्या अधिकाऱ्यांनी त्याला नांगर टाकण्यासाठी वाळूच्या दांड्यालगतची अशी उथळ जागा नेमून दिली, की ओहोटीला त्याच्या तळाला पाणी पुरू नये. जहाज वाळूकडे सरकत आहे हे आजूबाजूच्या जहाजांनी पाहिले, भोंगेही वाजवले. कप्तान मात्र झोपलेले होते, आणि त्यांना का उठवले नाही याचे उत्तर त्यांच्या मुख्य अधिकाऱ्याला पुढे चौकशीतही देता आले नाही. २० ऑगस्टला जहाज वाळूत रुतले. चौकशी समितीने नेमून दिलेल्या जागेला दोष दिला आणि कप्तान आठवड्याभरात कामावर रुजू झाले. येथे एक गोष्ट मनावर बिंबवून घ्यावी: दोष नेहमी जागेचा असावा, कारण जागा खुलासा देत नाही.

त्यानंतर थोडे काम करून दाखवावे. शिअरनेसला बराचसा माल उतरवलाही गेला. पण कामाच्या आरंभीच जहाजाचे कवच तडकले, पाणी आत शिरले, आणि सप्टेंबरच्या अखेरीस काम सोडून देण्यात आले. आत सुमारे १,४०० टन स्फोटके उरली आणि ती आजही तिथेच आहेत. तिन्ही डोलकाठ्या भरतीच्या वेळीही पाण्याबाहेर दिसत राहिल्या. त्यांवर ‘न फुटलेला दारूगोळा, जवळ येऊ नये’ अशा अर्थाच्या पाट्या लावाव्यात, भोवती बोयांचे, म्हणजे तरंगत्या खुणांचे, कुंपण घालावे, रडारवरून चोवीस तास पहारा ठेवावा, आणि १९७३ चा बुडालेल्या जहाजांच्या संरक्षणाचा कायदा लागू करावा. शब्द नीट वाचावा: संरक्षण. बॉम्बचे लोकांपासून की लोकांचे बॉम्बपासून, असले प्रश्न कोत्या मनाची माणसे विचारतात.

आता कोणी म्हणेल, एवढी वर्षे पाण्यात राहून दारूगोळा मेलाच असेल. या समजुतीला उत्तेजन द्यावे. तिने झोप चांगली लागते. टीएनटी हे स्फोटक पाण्यात फारसे विरघळत नाही आणि दशकानुदशके स्वभाव बदलत नाही, हे उगाच सांगत बसू नये. काही बॉम्बच्या फ्यूजमधील, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या भागातील, शिशाच्या ॲझाइड या स्फोटक संयुगावर ओलाव्याची क्रिया होऊन आम्ल तयार होते, ते पितळेतील तांब्याशी संयोग पावले तर अधिकच नाजूक स्वभावाचे संयुग जन्माला येऊ शकते, हे तर मुळीच सांगू नये. १९७० च्या एका अंदाजाप्रमाणे सगळा साठा एकदम उडाला तर पाणी आणि मलबा सुमारे ३,००० मीटर उंच उडेल आणि ५ मीटरची लाट उठेल. पण अंदाज तो अंदाजच, आणि सरकारी मताप्रमाणे मोठ्या स्फोटाची शक्यता फार कमी आहे.

‘मग काढून का टाकत नाही?’ असा हट्ट धरणाऱ्याला ‘क्येल्त्से’ या पोलिश जहाजाची गोष्ट सांगावी. तेही दारूगोळ्यासह इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ, फोकस्टनपाशी १९४६ मध्ये बुडाले होते. १९६७ मध्ये ते साफ करावयास घेतले, तेव्हा त्याने स्वतःच स्वतःची सफाई केली आणि भूकंपमापकांवर धक्का नोंदवला गेला. हा दाखला विरोधकाचे तोंड बंद करण्यास पुरेसा आहे. अडचण एवढीच, की न हलवलेले जहाजही जागच्या जागी कुजत असते. मॉन्टगोमेरीच्या डोलकाठ्यांच्या वजनाने खालचा सांगाडा कोसळून बॉम्बवर पडेल, या भीतीने त्या कापाव्यात असे २०२० मध्ये जाहीर झाले, आणि त्यानंतर ते काम पुढच्या तारखेला, मग त्याच्या पुढच्या तारखेला ढकलले जाऊ लागले. हात लावला तर धोका आणि न लावला तरी धोका, अशा पेचात सर्वेक्षण करावे. दरवर्षी करावे, आणि अहवाल सुबक बांधणीत ठेवावा.

आपल्याकडे ही पद्धत रुजली नाही याचे कारण आपण उतावळे आहोत. त्याच वर्षी, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज उभे होते. त्याच्याही पोटात जवळपास तेवढीच, म्हणजे सुमारे १,४०० टन स्फोटके होती; वर कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. धोकादायक माल असल्याचा लाल बावटा लावलेला नव्हता. दुपारी आग लागली आणि चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ज्याची नोंद सिमल्याच्या भूकंपमापकावरही उमटली. त्यात ६६ अग्निशामक जवान गेले. दर एप्रिलमध्ये पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ असतो. उडालेल्या सोन्याच्या विटा पुढे अनेक वर्षांनी गाळ काढताना सापडल्या. शिअरनेसवाल्यांनी मात्र तोच ऐवज ऐंशीहून अधिक वर्षे न उडवता सांभाळला आहे. फरक संस्कारांचा, दुसरे काय?

तरीही नवी मुंबईकरांनी निराश होऊ नये. नेरूळमधील एका गृहनिर्माण संस्थेत, नाव सांगण्याचे कारण नाही, दुसऱ्या मजल्याच्या सज्जाचा स्लॅब गेली सहा वर्षे खाली झुकला आहे. लोखंडी सळ्या बाहेर डोकावतात आणि गंजाचे तांबूस ओघळ थेट मीटरच्या पेटीपर्यंत उतरले आहेत. वार्षिक सभेत मी स्वतः विचारले, तेव्हा सचिवांनी अहवालाची फाइल उघडून दाखवली, आणि ठोकाठोक केली तर शेजारचा सज्जाही येईल असे इंजिनिअरचे मत वाचून दाखवले. मॉन्टगोमेरीचे नावही न ऐकलेल्या त्या सद्गृहस्थांनी सगळी पद्धत जशीच्या तशी शोधून काढली होती: खाली हिरवी जाळी, भोवती नायलॉनची दोरी, आणि तैलरंगात ‘येथे उभे राहू नये’. वॉचमनची खुर्ची मात्र दोरीच्या आत आहे. दुपारी चारनंतर सावली तेवढ्याच जागी पडते.