‘सरकारने काढले की विषय संपला’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेले काही महिने जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरत आहे. मला तो एकाच दिवशी चौघांनी पाठवला. त्याचा सारांश असा : सरकारी नोकरी आता कायमची राहिलेली नाही, पन्नाशी उलटली की सरकार घरी बसवणार, पद रद्द झाले की हातात काहीच पडत नाही, कंत्राटी आणि रोजंदारी कामगारांना तर सर्वोच्च न्यायालयानेच २००६ मध्ये हक्क नाकारले आहेत, म्हणून कोर्टकचेरीत पैसे घालवू नका, आणि अमेरिकेत पाहा, एका ईमेलवर हजारो सरकारी नोकर घरी गेले.

आस्थापना शाखेत आयुष्य गेल्यामुळे असा संदेश वाचताना माझा पहिला प्रश्न एकच असतो : हे नेमके कोणत्या कर्मचाऱ्याविषयी लिहिले आहे? जिल्हाधिकारी कार्यालयातील लिपिक, जिल्हा परिषदेचा शिक्षक, एसटीचा वाहक आणि नगरपालिकेचा रोजंदार या चौघांना लोक ‘सरकारी’ म्हणत असले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांची घरे वेगळी आहेत. संदेशाने चौघांना एकाच दावणीला बांधले आहे.

पन्नाशीचा मुद्दा अर्धवट खरा आहे. निवृत्तिवेतन नियम, १९८२ प्रमाणे वयाची ५० किंवा ५५ वर्षे, अथवा ३० वर्षांची अर्हताकारी (म्हणजे निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी) सेवा, या टप्प्यावर कर्मचाऱ्याच्या सेवेचे पुनर्विलोकन होते आणि तीन महिन्यांची नोटीस किंवा तेवढा पगार देऊन त्याला मुदतपूर्व निवृत्त करता येते. मात्र ही निवृत्ती आहे, बडतर्फी नव्हे. मिळवलेले सेवानिवृत्तीचे लाभ त्यामुळे बुडत नाहीत. शिक्षा म्हणून काढायचे असेल तर राज्यघटनेचे कलम ३११ आडवे येते : दोषारोप लेखी कळवून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी केल्याशिवाय नागरी पदावरील कर्मचाऱ्याला काढता येत नाही. फौजदारी गुन्ह्यातील दोषसिद्धी, चौकशी व्यवहार्य नसल्याची लेखी कारणे आणि राज्याची सुरक्षितता एवढेच त्याला अपवाद आहेत. जिल्हा परिषद, नगरपालिका आणि एसटीचे कर्मचारी या कलमाखाली येत नाहीत, परंतु त्यांच्या स्वतंत्र शिस्त व अपील नियमांत चौकशीची तरतूद आहेच.

पद रद्द होण्याबाबत मात्र संदेशातली भीती मी सरसकट खोडून काढणार नाही. प्रामाणिक प्रशासकीय कारणाने पद रद्द झाले तर ती शिक्षा ठरत नाही आणि कलम ३११ ची चौकशी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच स्पष्ट केले आहे. पण ‘हातात काहीच नाही’ हे खोटे आहे. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांखालील कर्मचाऱ्याला अशा वेळी भरपाई निवृत्तिवेतनाची तरतूद आहे. अनुदानित खाजगी शाळेतील कायम शिक्षकाची कपात करायची तर १९८१ च्या सेवाशर्ती नियमांप्रमाणे तीन महिन्यांची नोटीस आणि शिक्षण विभागाची पूर्वमान्यता लागते, आणि पुढे समायोजनाचा, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याचा, प्रश्न येतो. संचमान्यतेनंतर, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदे ठरल्यावर, अतिरिक्त ठरून पंचवीस कोस लांबच्या शाळेत गेलेले शिक्षक आपल्याकडे गावोगाव भेटतील. त्यांची परवड झाली, हे खरे. त्यांची नोकरी गेली, हे खरे नाही.

अमेरिकेबद्दल दोन वाक्ये पुरेत. तिथेही संघराज्याच्या नोकरकपातीला सर्वसाधारणपणे ६० दिवसांची नोटीस लागते, कोणाला आधी काढायचे याचा सेवाकाल व इतर निकषांवर क्रम ठरतो आणि अपिलासाठी स्वतंत्र मंडळ आहे. ते नियम पाळले गेले की नाही, यावरच तिथे खटले झाले.

आता सर्वांत घातक मुद्दा, २००६ च्या निकालाचा. उमादेवी प्रकरणात घटनापीठाने असे म्हटले की, रीतसर निवडप्रक्रियेशिवाय लागलेल्या व्यक्तीला केवळ बरीच वर्षे काम केले म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. कायम होण्याचा हक्क नसणे आणि वाटेल तसे हाकलले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संदेश लिहिणाऱ्याने नेमकी इथेच गल्लत केली आहे. २००९ मध्ये, आपल्याच एसटीच्या सफाई कामगारांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली औद्योगिक न्यायालयाला असलेले अधिकार उमादेवी निकालाने काढून घेतलेले नाहीत. कायमपणाचे लाभ टाळण्यासाठी माणसाला वर्षानुवर्षे तात्पुरता ठेवणे ही त्या कायद्यात अनुचित प्रथाच आहे. डिसेंबर २०२४ मधील जग्गो प्रकरणात आणि जानेवारी २०२५ मधील गाझियाबादच्या माळ्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, उमादेवी निकालाची ढाल करून दीर्घकाळ राबवलेल्या लोकांना वाऱ्यावर सोडता येणार नाही, अशीच भूमिका घेतली.

एक उदाहरण सांगतो; गाव आणि नगरपालिका यांची नावे घेत नाही. पाणीपुरवठ्यात नऊ वर्षे रोजंदारीवर असलेला एक व्हॉल्व्हमन मागच्या उन्हाळ्यात माझ्या ओट्यावर येऊन बसला. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्या तोंडी निरोपावर त्याला काढले होते. लेखी आदेश नाही, मस्टरची नक्कल नाही, हातात फक्त मोबाइलवरचा तोच संदेश. ‘नाना, आते काय करू?’ त्याला विचारता विचारता कळले की खिशातल्या छोट्या वहीत तो रोज तारीख, गल्ली आणि पाणी सोडल्याची वेळ लिहितो. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात लोक भांडायला आले की दाखवायला. त्याने ती वही भांडणासाठी ठेवली होती, पण कायद्याला नेमके तेच हवे असते. बारा महिन्यांत २४० दिवस काम केले, हे सिद्ध करण्याचा भार कामगारावर असतो. ते सिद्ध झाले की एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार दिल्याशिवाय केलेली कपात बेकायदा ठरते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. शेवटी आलेल्याला आधी काढायचे आणि पुन्हा भरती करताना काढलेल्याला आधी बोलवायचे, हेही आहे. मुदतीचा करार संपून नोकरी गेली तर मात्र ती कपात मानली जात नाही, म्हणून करारावर सही करण्यापूर्वी त्याची मुदत वाचावी. शिवाय रोजंदाराची कपात बेकायदा ठरली तरी न्यायालय पुष्कळदा कामावर परत घेण्याऐवजी एकरकमी भरपाई देते, हेही मी त्याला लपवून न ठेवता सांगितले.

‘कोर्टात पैसे घालवू नका’ या सल्ल्याने होणारे नुकसान मुदतीचे आहे. अनुचित प्रथेची तक्रार ९० दिवसांत करायची असते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला अंतिम आदेशापासून एका वर्षात प्रशासकीय न्यायाधिकरणात जावे लागते, आणि खान्देशासाठी ते छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात; विभागीय आयुक्त नाशिकला बसतात म्हणून अनेक जण चुकून नाशिकची वाट धरतात. संदेश वाचून माणूस घरी बसतो आणि तेवढ्यात ही मुदत निघून जाते. पैशांचे म्हणाल, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते.

व्हॉल्व्हमनची तक्रार ९० दिवसांच्या आत, एकाहत्तराव्या दिवशी दाखल झाली. वहीच्या पानांच्या झेरॉक्स काढताना वकिलांनी एका पानावर बोट ठेवले : तिथे तारखेपुढे ‘मोटार जळाली, पाणी नाही’ एवढेच लिहिले होते. हा दिवस २४० मध्ये धरायचा का, असे त्यांनी विचारले. ‘साहेब, त्या दिवशी तर रात्री बारापर्यंत टाकीवरच होतो,’ तो म्हणाला, आणि वकिलांनी ते पान वेगळे काढून ठेवले.