एका लॅपटॉपवर दोन ओएस मागितल्या, जहागीर नाही

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन ओएस, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, हव्या होत्या मला. लॅपटॉप माझ्या पैशांचा. पावती माझ्या नावावर, ईएमआय माझ्या खात्यातून. आणि त्यात शिरायला परवानगी कोणाची? तर दुकानातल्या त्या पोराची, ज्याने 'मॅडम, सेटअप करूनच देतो' म्हणत स्वतःच्या कुठल्यातरी ईमेलने खातं उघडून ठेवलं आणि मग नोकरी सोडून गावाला निघून गेला!

मी पुण्यात नऱ्ह्याच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. एसई-टीईच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांची प्रॅक्टिकल्स उबंटू या लिनक्सवर. फोर्क, पाइप, सेमाफोर, शेल स्क्रिप्ट, सगळं तिथेच. मार्कांची शीट मात्र मॅक्रोंनी (छोट्या प्रोग्रामांनी) ठासून भरलेली एक्सेल; लिनक्सवर उघडली की तिची बटणं नुसती शोभेला. ऑनलाइन परीक्षेचं ते स्क्रीन लॉक करणारं ब्राउझर तर लिनक्सवर चालतच नाही. म्हणजे दोन्ही लागतात. हौस म्हणून कोणी डिस्कची वाटणी करत नाही हो.

उबंटूचा पेनड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर सुरू झाला आणि डिस्कच दिसेना. ५१२ जीबीची डिस्क जागेवर आहे, विंडोज तिच्यावर चालतंय, पण इन्स्टॉलरच्या लेखी ती अस्तित्वातच नाही. का, तर लॅपटॉप कंपनीने बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या सेटिंगमध्ये, स्टोरेजचा मोड व्हीएमडी (अनेक डिस्क एकत्र सांभाळायची इंटेलची पद्धत) करून ठेवलेला. एकच डिस्क असलेल्या घरगुती लॅपटॉपला त्याचा काय उपयोग, हे त्यांच्या हेल्पलाइनवरच्या माणसालाही सांगता येईना. बरं, बदलावा म्हटलं, तर विंडोज आधी सेफ मोडमध्ये न नेता तो बदलला की विंडोज उठत नाही. हे बायोसमध्ये त्या पर्यायाशेजारी एका ओळीत लिहायला काय पैसे पडत होते का? ते सगळं रीतसर केलं. तरी समोर निळी पाटी: रिकव्हरी की टाका. ४८ आकडी.

कसली की? मी कधी काही लॉक केलेलं नाही! पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते, होम एडिशनचीसुद्धा. चोरीच्या दृष्टीने चांगलंच आहे, माझी तक्रार त्याबद्दल नाही. पण ज्याची डिस्क आहे त्याला धड कळवाल की नाही? ती रिकव्हरी की असते खात्यात. खातं त्या पोराचं. खात्याचा ओटीपी जातो अशा नंबरवर जो कायम बंद. एन्क्रिप्शन काढायला विंडोजमध्ये शिरायला हवं, शिरायला की हवी, कीसाठी खातं, खात्यासाठी तो नंबर. डेडलॉकच्या, म्हणजे सगळेच एकमेकांसाठी अडून बसतात त्याच्या, चारही अटी मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. सर्क्युलर वेटचं इतकं चोख उदाहरण मला आजवर सुचलं नव्हतं.

मग सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून अप्पा बळवंत चौक. गाडी लावायला जागा नाही, ते वेगळंच. दुकानाचे मालक मान वर न करता म्हणतात, "विंडोज नीट चाललं होतं ना? मग कशाला बोटं घातलीत?" अहो, तुमच्या माणसाने माझ्या लॅपटॉपला स्वतःचं कुलूप घातलं, आणि बोटं मी घातली? वर उदारपणे, "फॉरमॅट मारून देतो, पंधराशे द्या." सर्व्हिस सेंटरवाल्यांचं त्याहून सोपं: 'लिनक्स टाकलं असेल तर आम्ही हात लावत नाही.' अजून टाकलेलंच नाही, टाकता येत नाहीये म्हणून तर आलेय, हे तीन काउंटरवर सांगून झालं.

आणि सल्लागार! स्टाफरूम भरलीय नुसती. "व्हर्च्युअल मशीन टाका ना मॅडम." म्हणजे विंडोजच्या आतच दुसरी ओएस चालवायची. ८ जीबी रॅम आहे, तीही बोर्डाला सोल्डर केलेली, त्यात विंडोज, ब्राउझर आणि वर अख्खं उबंटू बसवून दाखवा. "डब्ल्यूएसएल वापरा." म्हणजे विंडोजमधलंच छोटं लिनक्स. कर्नल मॉड्यूलचं (ओएसच्या गाभ्यात घालायच्या कोडचं) प्रॅक्टिकल त्यात घ्या, पोरांसमोर घ्या, मग बोलू. "मॅकच घ्या सरळ." द्या पैसे, आज घेते.

शेवटी फॉरमॅट मारूनच दोन्ही बसल्या. पंधराशे गेले ते गेलेच. आता तरी सुखाने नांदाव्यात? कसलं काय. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ धरतं, डॉसच्या काळापासूनची सवय. लिनक्स धरतं यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. आपण पडलो साडेपाच तास पुढे. त्यामुळे लिनक्समधून परत विंडोजमध्ये आलं की सकाळी दहाच्या लेक्चरला लॅपटॉप पहाटेचे साडेचार दाखवतो. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नल डिस्कवर झोपवून ठेवतं. मग लिनक्समधून ते ड्राइव्ह फक्त वाचायचे, लिहायचं नाही. ब्लूटूथ हेडफोन एकीकडे जोडले की दुसरीकडे तुटतात, कारण दोघींच्या पेअरिंगच्या किल्ल्या वेगळ्या. पेठेतल्या वाड्याच्या मालकाने भाडेकरू राहतोच आहे हे मान्य करू नये, तसा एकेकीचा खाक्या. प्रत्येकीला वाटतं डिस्कवर आपण एकटीच.

लिनक्सवालेही काही साधुसंत नाहीत. लॅपटॉप चालू होताना ओएस निवडायचा मेनू दाखवणाऱ्या ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून, दुसरी ओएस शोधणारं ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलंय. कारण सुरक्षा. काही डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे प्रकार, ते आपणहून चालू करून देतात, काही देत नाहीत. ज्या विद्यार्थ्याच्या वाट्याला ते न देणारी डिस्ट्रो येते त्याला मेनूत विंडोज सापडत नाही, आणि तो पोरगा रात्री अकराला मला फोन करतो, "मॅडम, विंडोज गेलं." गेलेलं नसतं रे बाबा, मेनूत दिसत नाही एवढंच. पण उद्या सबमिशन, जर्नल त्या पार्टिशनवर, तोवर त्याची आई फोनवर आलेली असते: "मॅडम, नवीन घ्यावा लागेल का हो?"

आणि २०२४ च्या ऑगस्टचं प्रकरण तर जगजाहीर आहे. १३ तारखेचं विंडोजचं सिक्युरिटी अपडेट. ओएस सुरू करणारे जुने, असुरक्षित प्रोग्राम रोखणारा त्यातला बदल ड्युअल बूटच्या, म्हणजे दोन ओएसच्या, मशीनवर लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं होतं. लागू झाला! कित्येकांचं लिनक्स बूटच होईना. स्क्रीनवर मजकूर काय, तर काहीतरी गंभीर बिघडलंय. काय बिघडलंय ते लोकांनी आपसात शोधून काढलं. तात्पुरता उपाय महिनाभरात मिळाला, मात्र पक्की दुरुस्ती यायला २०२५ चा मे उजाडला. नऊ महिने! एवढ्या काळात आमच्याकडे दीड सेमिस्टर होतं, दोनदा ओरल होतात.

पुढचंही तारखेसकट ठरलेलं आहे. सिक्युअर बूटची, म्हणजे सही तपासूनच ओएस सुरू करू देणाऱ्या व्यवस्थेची, २०११ सालची सर्टिफिकेटं जून २०२६ पासून संपायला लागतात. लॅपटॉप कंपनीने नवीन फर्मवेअर (बायोसचं अपडेट) दिलं नाही तर काय करायचं, हे मी हेल्पलाइनला विचारलं. उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही विंडोज अपडेट करत राहा." लिनक्सचं विचारलं होतं मी!

ते राहू दे. दुकानदारांना एकच विचारायचंय: टेम्पर्ड ग्लास, बॅग, अँटिव्हायरसची सीडी, एवढं सगळं गळ्यात मारता, मग गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या ईमेलवर खातं उघडून ते ४८ आकडे बिलाच्या मागे लिहून द्यायला तुमचं काय जातं?