कॅप्सूलने किटण निघत नाही

गेल्या सोमवारी एक मावशी खुर्चीत बसल्या आणि तोंड उघडण्याआधी त्यांनी मोबाईल पुढे केला. "डॉक्टर, हे आधी वाचा. मग ठरवू साफ करायचं की नाही."

हा मेसेज मी आता पाठ म्हणू शकते, इतक्यांदा तो माझ्यापर्यंत आला आहे. थोडक्यात असा: हिरड्यांचा आणि साखरेचा संबंध ही दातांच्या डॉक्टरांनी उठवलेली आवई आहे. संबंध असलाच तर तो रक्तातल्या 'फ्री रॅडिकल' नावाच्या विषाचा, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा. तेव्हा तीन महिने अँटिऑक्सिडंट कॅप्सूल घ्या, हिरड्या आणि शुगर दोन्ही नॉर्मल होतील. आणि मधुमेह असेल तर दात मुळीच साफ करून घेऊ नका, ते हलायला लागतात.

मावशींना नऊ वर्षांपासून मधुमेह. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ९.१ टक्के. मिश्री चार वर्षांपूर्वी सोडलेली. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई मी खालच्या दाढेमागे हिरडीत अलगद सरकवली. निरोगी हिरडीत ती तीनपर्यंत जाते. इथे सातपर्यंत गेली, आणि बाहेर आली ती रक्त आणि पुवाचा एक थेंब घेऊन. मेसेज चूक का आहे ते त्या थेंबातच होतं. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी.

आधी संबंधाचं. १९९३ साली हॅराल्ड लोए या दंतशास्त्रज्ञांनी 'डायबेटिस केअर' या मधुमेहतज्ज्ञांच्याच नियतकालिकात हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या, न भरणाऱ्या जखमा, आणि मग हिरड्या. त्यामागे अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये राहणाऱ्या पिमा आदिवासींचा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. या समाजात मधुमेहाचं प्रमाण फार मोठं. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्या लवकर आणि जास्त बिघडतात हे तिथे दिसलंच, पण उलटंही दिसलं: ज्यांच्या हिरड्या सुरुवातीलाच वाईट होत्या, त्यांची साखर पुढे हाताबाहेर जाण्याची शक्यता जास्त होती. २००५ साली तिथल्याच ६२८ मधुमेहींची पाहणी प्रसिद्ध झाली. हिरड्यांचा आजार तीव्र असलेल्यांत हृदयविकार आणि मूत्रपिंडाच्या आजाराने होणारे मृत्यू इतरांच्या सुमारे तिप्पट होते. म्हणजे रस्ता दुहेरी आहे. आवई असती तर २०१८च्या जागतिक वर्गीकरणात हिरड्यांचा आजार किती वेगाने वाढेल हे ठरवताना एचबीएवनसी ७च्या खाली की वर, हे बघायला सांगितलं नसतं.

आता 'विषा'चं. इथे मला थांबायचं आहे, कारण मेसेजमध्ये अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खऱ्यानेच माणसं फसतात.

फ्री रॅडिकल, म्हणजे ऑक्सिजनचे तापट रेणू, हे बाहेरून आलेलं विष नाहीत. आपल्याच पांढऱ्या पेशी ते मुद्दाम बनवतात. न्यूट्रोफिल नावाची पेशी जंतूला गिळते, मग तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड तयार करतं, त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि शेवटी हायपोक्लोरस आम्ल. पाणी शुद्ध करायला टाकतात त्या क्लोरीनचं जंतू मारण्याचं काम हेच आम्ल करतं. ज्या मुलांमध्ये हे विकर जन्मतःच चालत नाही, त्यांना साध्यासुध्या जंतूंचे आणि बुरशीचे गंभीर संसर्ग पुन्हा पुन्हा होतात. म्हणजे हे आपलं शस्त्र आहे. बिघाड होतो तो ते म्यानात परत जात नाही तेव्हा.

हिरडीखाली जंतूंचा थर रोज तसाच राहिला की न्यूट्रोफिल येतच राहतात. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००७ साली हिरड्यांचा जुनाट आजार असलेल्यांच्या हातातून रक्त घेऊन न्यूट्रोफिल तपासले. तोंडातून नव्हे, हातातून! तरी त्या पेशी निरोगी माणसाच्या पेशींपेक्षा जास्त भडकत होत्या, आणि काहीही डिवचलं नसतानासुद्धा धगधगत होत्या. हिरड्यांवर उपचार केल्यावर डिवचल्यानंतरचं भडकणं निरोगी माणसाइतकं खाली आलं, मुळातली धग मात्र राहिली. तोंडाचा आजार तोंडापुरता असता, तर दंडातल्या रक्ताला त्याची खबर कशी लागली असती?

त्यात साखर वाढलेली असेल तर काय होतं? मधुमेहातला न्यूट्रोफिल जंतूकडे उशिरा पोहोचतो, मारतो कमी, पण मरतोही उशिरा आणि तोवर आसपासचं जाळत राहतो. जंतू वाचतात, हिरडी आणि हाड जळतं. तांबड्या पेशीची गोष्ट आणखी केविलवाणी. तिला केंद्रक नाही, नवीन प्रथिनं ती बनवू शकत नाही. सुमारे १२० दिवसांचं आयुष्य ती सोबत आणलेल्या शिदोरीवर काढते. त्या शिदोरीतला मोठा भाग म्हणजे ग्लुटाथायोन, जो ही आग विझवतो आणि वापरला की पुन्हा ताजा करावा लागतो. जादा साखर मुरवायला पेशी जी वाट वापरते, तिच्यात नेमका तोच कच्चा माल खर्च होतो ज्यावर ग्लुटाथायोन ताजा व्हायचा असतो. उरलेली साखर हिमोग्लोबिनला चिकटते. मावशींच्या रिपोर्टवरचा ९.१ हा आकडा म्हणजे तेच चिकटणं मोजलेलं आहे.

अशी साखर इतर प्रथिनांनाही चिकटते, आणि जुनी चिकटलेली प्रथिनं मोनोसाइट या पांढऱ्या पेशींना चेतवतात. चेतलेल्या मोनोसाइट टीएनएफ-अल्फा नावाचा रेणू सोडतात. तो हिरडीतलं हाड झिजवायला मदत करतो आणि इन्सुलिनच्या संदेशात अडथळाही आणतो. साखर हिरडी बिघडवते, हिरडी साखर बिघडवते, आणि दोन्हींमधला निरोप रक्तपेशी पोहोचवतात.

मग आग विझवायला कॅप्सूल का नको? चुलीत लाकडं तशीच ठेवून धुरावर पदर हलवण्यासारखं आहे ते, म्हणून. आणि हे नुसतं माझं मत नाही. ३,६५४ मधुमेहींच्या एका चाचणीत ई-जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट साडेचार वर्षं देऊन पाहिलं; हृदयाला की मूत्रपिंडाला, कशालाच फायदा झाला नाही. फिनलंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन हे दुसरं अँटिऑक्सिडंट दिलं, तर १९९४ साली कळलं की त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग वाढला. अमेरिकेत सुमारे ३५,००० पुरुषांच्या चाचणीत ई-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढलेला दिसला, हे २०११ साली प्रसिद्ध झालं. सी-जीवनसत्त्व फारच कमी पडलं तर हिरड्यांतून रक्त येतं हे खरं आहे. त्यासाठी आवळा खा, पेरू खा. पण मावशींच्या दाढेखालून मी जो काळपट हिरवा, खड्यासारखा टणक तुकडा काढला, त्यावर कुठली कॅप्सूल चालणार? मी तो त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी नखाने दाबून पाहिला. "हे माझ्या तोंडात होतं?" एवढंच म्हणाल्या.

किटण काढून, हिरडीखालची सफाई करून साखरेला काय मिळतं? कॉक्रेन ही संस्था अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून तपासते; तिच्या २०२२च्या आढाव्यात ३५ चाचण्या आणि ३,२४९ माणसं होती. तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी सरासरी ०.४३ने खाली. लंडनमध्ये २६४ लोकांच्या चाचणीत कसून उपचार केलेल्यांत आणि इतरांत वर्षानंतर फरक ०.६चा होता. दुसरी बाजूही सांगते: २०१३ साली अमेरिकेत ५१४ लोकांच्या चाचणीत सहा महिन्यांनी काहीच फरक दिसला नाही. तिथे उपचारानंतरही हिरड्या पुरेशा सुधारल्या नव्हत्या, असा आक्षेप अनेकांनी घेतला. तेव्हा दात साफ केले की मधुमेह जातो, असं मी कुणालाही सांगत नाही. गोळ्या, इन्सुलिन, चालणं, ताटातलं माप यांतलं काहीही सुटत नाही. पण औषधात आणखी एक गोळी वाढवल्यावर जेवढं उतरतं, त्याच्या जवळपास जाणारं हे उतरणं आहे. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यात २६.४ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला, दर चार माणसांत एकाला! तिथे ही ०.४३ची घट किरकोळ नाही.

राहिलं दात हलण्याचं. दात आधीच हललेले असतात. हाड झिजलेलं असतं, आणि किटणाने शेजारशेजारचे दात लिंपून धरलेले असतात. ते निघालं, सूज ओसरली, की फटी दिसतात आणि वाटतं डॉक्टरांनी दात सैल केले. मिश्री लावणाऱ्यांचंही असंच. लावल्यावर हिरडी आवळल्यासारखी वाटते आणि आत ती दातावरून खाली सरकत जाते. साखर फार वाढलेली असेल तर जखम भरायला वेळ लागतो हे खरं, म्हणून आम्ही आधी रिपोर्ट मागतो आणि लागलं तर तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलतो. नकार देत नाही.

मावशींच्या उजव्या बाजूची सफाई त्या दिवशी झाली. डावी येत्या सोमवारी. येताना उपाशी येऊ नका, असं त्यांना दोनदा सांगितलं: नाश्ता करायचा, रोजची गोळी रोजच्या वेळेला घ्यायची, सकाळीच यायचं, आणि पर्समध्ये साखरेची पुडी ठेवायची. कॅप्सूलची डबी त्यांनी येताना आणून मला दाखवायची आहे.