केंब्रिज एका दिवसात उरकण्याची रीत

लंडनहून विद्यार्थ्यांचा जथा घेऊन केंब्रिजला निघालात ना? मग मे महिन्याचा मुहूर्त धरा. हवा छान असते, आणि परीक्षांमुळे बरीच कॉलेजं पाहुण्यांना दारातूनच परतवतात. चाळीस जणांनी बंद दरवाजापुढे काढलेल्या फोटोची शोभा काही औरच! आधी चौकशी करणं, मोठ्या गटाची आगाऊ नोंदणी करणं हे भित्र्यांचे उद्योग.

किंग्ज क्रॉसहून जलद गाडी पाऊण-एक तासात पोचवते. तुम्ही मात्र थांबत थांबत जाणारीच पकडा, अंताक्षरीला वेळ मिळतो. उतरल्यावर “हे काय, समोरच आहे” असं ठणकावून सांगा. 1845 साली हे स्टेशन गावाबाहेर बांधलं आणि तिथून जुन्या कॉलेजांपर्यंत चांगली वीस-पंचवीस मिनिटांची पायपीट आहे. जथ्याला पाऊण तास धरा, कारण पहिल्या कॉफीच्या दुकानात निम्मे गळतात.

किंग्ज कॉलेजचं चॅपेल प्रार्थनेसाठी बंद होण्याच्या बेतात असताना गाठा. सहाव्या हेन्रीने 1446 मध्ये काम सुरू केलं, मधल्या यादवीत ते रखडलं, दगडी छत पुरं व्हायला 1515 उजाडलं. पंख्यासारख्या उलगडत जाणाऱ्या कमानींचं एवढं मोठं छत जगात दुसरं नाही. ते पाहायला मान वर करावी लागते, म्हणून नेमक्या त्याच वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर जेवणाचा बेत टाका.

ट्रिनिटी कॉलेजच्या दरवाजावर आठव्या हेन्रीच्या पुतळ्याच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे. तो कुणाला दाखवू नका, उगाच माना वर होतात. शेजारचं सेंट जॉन्स तर टाळाच. रँग्लर परांजपे तिथलेच. 1899 साली गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले, बरोबरीने का होईना. दापोलीजवळच्या मुर्डीचा मुलगा इथवर पोचला, हे मराठी पोरांना कळलं तर ती तिथेच रेंगाळायची.

क्वीन्स कॉलेजचा लाकडी पूल आला की गाइडचा आवाज काढा: “हा न्यूटनने एकही खिळा न वापरता बांधला. विद्यार्थ्यांनी तो सुटा केला, पण पुन्हा जोडता येईना.” न्यूटन वारला 1727 मध्ये, पूल झाला 1749 मध्ये. पुलाचे बोल्ट नुसत्या डोळ्यांना दिसतात, तेव्हा टाळ्या पडताच सगळ्यांना पुढे हाकला.

आता पंटिंग, म्हणजे सपाट तळाची होडी लांब काठीने रेटणं. खरी कृती अशी: होडीच्या मागच्या फळीवर उभं राहायचं, काठी अंगालगत सरळ खाली सोडायची, तळ लागला की रेटायचं. मग काठीला जरासा पीळ देऊन ती चिखलातून मोकळी करायची, आणि तशीच पाण्यात मागे धरून तिचं सुकाणू करायचं. काठी अडकलीच तर सोडून द्यायची; होडीत वल्हं असतं, त्याने परत येऊन ती घ्यायची. तुमच्या शूर मंडळींना यातला फक्त रेटण्याचा भाग शिकवा. पीळ राहिला की काठी चिखलात रुतते, होडी पुढे सरकते, आणि काठी न सोडणारा क्षणभर दोघींच्या मध्ये लांबत जातो. त्याच वेळी बाकीच्यांनी फोटोसाठी एकाच बाजूला झुकावं, म्हणजे पुढचं काम कॅम नदी बघून घेते. बदलायचे कपडे? छे, ओझं कशाला!

संध्याकाळी भेटायची जागा म्हणून कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचं सोनेरी घड्याळ नेमा. वर बसलेला अक्राळविक्राळ नाकतोडा काळ खात असतो. काटे नाहीत, फटींतून उजेड सरकतो, लंबक मध्येच अडखळतो आणि नेमकी वेळ दर पाच मिनिटांनी एकदाच दिसते. “सव्वापाचला या, इथल्या घड्याळाप्रमाणे” एवढंच सांगा.

आणि तिकिटं गटाच्या सवलतीतलीच काढा. गर्दीच्या वेळा सोडून तीन ते नऊ जणांच्या टोळीला एक तृतीयांश सूट मिळते, मात्र टोळीने सगळा प्रवास एकत्र करायचा. नऊ-नऊच्या टोळ्या पाडताना कॉफीच्या दुकानात गळणारा, होडीत भिजलेला आणि फोन बंद पडलेला असा एकेक गडी प्रत्येक टोळीत येईल, एवढं बघा.