सिडनी–सँटियागो विमान म्हणे अस्तित्वातच नाही!

सपाट पृथ्वीवाल्यांचा एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो. म्हणणं थोडक्यात असं: ऑस्ट्रेलियातून दक्षिण अमेरिकेला थेट विमान जातच नाही, लॉस एंजेलिसमार्गेच जावं लागतं. वेळापत्रक बनावट आहे, कारण विमान निघण्याआधीच पोचलेलं दाखवतात. ट्रॅकिंगच्या नकाशावर ते भर समुद्रात गायब होतं. शेवटी 'जरा डोकं चालवा' ही पुस्ती आहेच.

लॉस एंजेलिसमार्गे तिकीट मिळतं हे खरं. मुंबईहून लंडनला दुबईमार्गेही मिळतं, म्हणून मुंबई–लंडन थेट विमान खोटं ठरत नाही. क्वांटास या ऑस्ट्रेलियन कंपनीचं विमान सिडनीहून चिलीच्या राजधानीला, सँटियागोला, न थांबता जातं; लाताम ही चिलीची कंपनी मेलबर्नहून थेट नेते.

आता खरी गंमत वेळेची. पृथ्वी गोल धरली तर सिडनी–सँटियागो अंतर सुमारे 11,300 किलोमीटर भरतं आणि विमान साधारण साडेबारा तासांत पोचतं. म्हणजे ताशी 900 किलोमीटर, कुठल्याही जेटचा नेहमीचा वेग. हेच अंतर सपाटवाल्यांच्या लाडक्या नकाशावर, म्हणजे मध्यभागी उत्तर ध्रुव आणि कडेने बर्फाची भिंत असलेल्या, मोजा. ते 25,000 किलोमीटरच्या वर जातं. तेवढं साडेबारा तासांत कापायला ताशी 2,000 किलोमीटर हवेत. त्या वेगाचं प्रवासी विमान होतं, काँकॉर्ड; ते 2003 साली निवृत्त झालं आणि एवढा पल्ला त्याला झेपतच नव्हता. क्वांटासचं बोइंग 787-9 एका दमात फार तर 14,000 किलोमीटर जातं. मग उरलेलं अंतर काय धक्का मारून नेतात?

परतीला दीड-दोन तास जास्त लागतात, तेही यांना संशयास्पद वाटतं. त्या अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. जाताना ते पाठीशी असतात, येताना तोंडावर. एवढंच.

'निघण्याआधी पोचतं' हे मात्र अक्षरशः खरं आहे! तिकडच्या उन्हाळ्यात सिडनीचं घड्याळ सँटियागोच्या 14 तास पुढे असतं. प्रवास साडेबारा तासांचा. दुपारी साडेबाराला निघालेला माणूस त्याच तारखेला सकाळी अकराला उतरतो. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडली जाते, ती फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या गावी नाही.

गायब होण्याचं म्हणाल, तर हे नकाशे मुख्यतः विमानाचे संदेश पकडणाऱ्या जमिनीवरच्या रिसीव्हरवर चालतात आणि त्यांची पोच जेमतेम चारेकशे किलोमीटर. दक्षिण पॅसिफिकमध्ये रिसीव्हर बसवायला जमीन आहे कुठे?

राहिला अंटार्क्टिकाचा प्रश्न: 'तिथून विमानं का जात नाहीत?' या मार्गाचा सगळ्यात जवळचा रस्ता 62 अंश दक्षिणेपर्यंत खाली उतरतो; अंटार्क्टिका त्याच्याही दक्षिणेला राहतो. प्रत्यक्ष मार्ग वाऱ्यानुसार रोज थोडा बदलतो. विमान बरंच दक्षिणेला गेलं आणि ढग नसले, तर खिडकीतून तरंगता बर्फ दिसतो. सिडनीहून निघताना उजवीकडची खिडकी मागायची.