स्टेपानेक पेसच्या जिवावर जिंकला?

टेनिसपटू लिअँडर पेसचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास फिरतं: 'राडेक स्टेपानेकला एकेरीत जमलं नाही म्हणून तो दुहेरीत आला, पेसने सांभाळून घेतलं म्हणून ग्रँडस्लॅम मिळालं, दडपण आलं की पेसच सावरायचा.' पेस माझाही लाडका खेळाडू. पण शेजारी उभं राहून तितकंच झटलेल्या माणसाचं श्रेय पुसणं मला पटत नाही.

'एकेरीत जमलं नाही'? जुलै २००६ मध्ये हा चेक खेळाडू एकेरीच्या जागतिक क्रमवारीत आठवा होता. त्याच वर्षी त्याने विम्बल्डनची उपांत्यपूर्व फेरी गाठली. कारकिर्दीत एकेरीची पाच विजेतेपदं मिळवली. २००८ मध्ये रोमला त्याने तेव्हाच्या अव्वल क्रमांकाच्या फेडररला हरवलं, दोन्ही सेट टायब्रेकवर घेऊन. शिवाय क्रमच उलटा आहे. एकेरीचं पहिलं विजेतेपद त्याला २००६ मध्ये मिळालं. दुहेरीत तो २००२ मध्येच यिरी नोवाकसोबत अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. तिथे त्यांना हरवणाऱ्या जोडीत मॅक्स मिर्नीबरोबर आपला महेश भूपती होता.

'पेसमुळे ग्रँडस्लॅम मिळालं' हे अर्धं खरं. स्टेपानेकची पुरुष दुहेरीतली दोन्ही ग्रँडस्लॅम पेसबरोबरचीच आहेत. पण उरलेलं अर्धंही बघा. पेसकडे पुरुष दुहेरीत फ्रेंच, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन होतं. ऑस्ट्रेलियन तेवढं हुलकावणी देत होतं. ते आलं जानेवारी २०१२ मध्ये, स्टेपानेकच्या साथीने. मानांकन नसलेल्या या जोडीने अंतिम सामन्यात ब्रायन बंधूंना, म्हणजे अमेरिकेच्या जुळ्या भावांच्या गाजलेल्या जोडीला, ७-६, ६-२ असं हरवलं. पेसच्या संग्रहातली रिकामी जागा ज्याच्या साथीने भरली, त्याला ओझं कसं म्हणायचं? पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला, अमेरिकन ओपनमध्ये, ब्रायन बंधू एकाच वर्षात चारही ग्रँडस्लॅम जिंकायच्या बेतात होते. उपांत्य सामन्यात पहिला सेट ३-६ गमावूनही याच दोघांनी त्यांना रोखलं आणि नंतर विजेतेपद घेतलं. पेसच्या पुरुष दुहेरीतल्या आठ ग्रँडस्लॅमपैकी पाच चेक जोडीदारांबरोबरची आहेत: एक मार्टिन डॅम, दोन लुकाश द्लोही, दोन स्टेपानेक.

राहिला दडपणाचा मुद्दा. या एका मुद्द्यावर मी कितीही वेळ बोलेन. नोव्हेंबर २०१२, प्राग, डेव्हिस कप या देशादेशांतल्या स्पर्धेची पाच सामन्यांची अंतिम लढत, समोर स्पेन. शुक्रवारी स्टेपानेक फेररकडून हरला. शनिवारी बर्डिचबरोबर दुहेरी जिंकला. रविवारी २-२ अशी बरोबरी, आणि पाचव्या सामन्यात अल्माग्रोसमोर पुन्हा तोच, वयाची चौतिशी नऊ दिवसांवर आलेली. अल्माग्रो बेसलाइनवरून ताकदीने मारणारा. अशांशी मागे उभं राहून मारामारी करणं हा स्टेपानेकचा पिंड नव्हे. तो संधी दिसली की पुढे धावायचा, गुडघे पार वाकवून पायाशी आलेला चेंडू टप्पा पडण्याआधीच, व्हॉलीवर, अलगद उचलायचा, समोरच्याला लय सापडूच द्यायचा नाही. दुहेरीत मुरलेला हात तो हाच. दोन सेट घेतले, तिसरा गेला, चौथा ६-३ असा जिंकला आणि १९८० नंतर कप प्रागला आला. त्या वेळी कोर्टवर त्याच्या शेजारी कुणीही नव्हतं. वर्षभराने बेलग्रेडला सर्बियाविरुद्ध पुन्हा २-२, पुन्हा पाचवा सामना त्याच्याच वाट्याला, आणि लायोविचला त्याने तीन सेटमध्ये संपवलं.

एवढं सांगूनही कुणी 'पण पेसशिवाय दुहेरीत काय केलं?' असं विचारतं. त्याचं उत्तर आपल्याला जरा झोंबणारं आहे. ऑगस्ट २०१६, रिओ ऑलिंपिक, मिश्र दुहेरीत कांस्यपदकाचा सामना. एका बाजूला सानिया मिर्झा आणि रोहन बोपण्णा, दुसऱ्या बाजूला लुसी ह्रादेत्स्का आणि ३७ वर्षांचा स्टेपानेक. निकाल ६-१, ७-५. पदक चेक जोडीच्या गळ्यात पडलं.